परीक्षेच्या दिवशीचं दूध

बुधवारी संध्याकाळी गिरिधर आमच्या दारात आला, चपला काढल्या आणि आत न येताच म्हणाला, "टीचर, कीर्तनाला तुम्ही सांगा. रविवारी जाऊ नको म्हणून. माझं ऐकत नाही ती."

गिरिधर आमच्या खालच्या मजल्यावर राहतो. बँकेत आहे. त्याचं घराणं तंजावरचं, दहा-बारा पिढ्यांपूर्वी तिकडे गेलेलं. त्याची आई तुळसीबाई जे मराठी बोलतात ते मी माझ्या पणजीकडूनही ऐकलं नव्हतं. आम्ही त्या मानानं नवे. रत्नाकरच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, रेल्वेतल्या नोकरीमुळे चाळीस वर्षांपूर्वी चेन्नईत आलो आणि अण्णा नगरचेच होऊन गेलो. मी शाळेत तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. आता इमारतीतली सात-आठ मुलं शनिवारी संध्याकाळी गच्चीवर जमतात आणि आम्ही काही ना काही करून बघतो.

कीर्तना त्यांतलीच, गिरिधरची मुलगी. वय अकरा, इयत्ता सहावी. रविवारी नुंगंबाक्कममधल्या एका कॉलेजात गणिताची चाचणी होती, दोन तासांची. त्यातून शहरातली वीस मुलं निवडायची आणि वर्षभर दर रविवारी त्यांना शाळेत नसतं ते गणित शिकवायचं. कीर्तना जूनपासून या चाचणीची वाट बघत होती.

अडचण एकच. परीक्षा आली की तिचं पोट दुखायचं. तिमाहीच्या गणिताच्या पेपरला अर्ध्या तासात पोट धरून बाहेर आली. सहामाहीला दोन पेपर अर्धे सोडले. शाळेनं पत्र दिलं, मुलीला परीक्षेचं दडपण सोसत नाही, स्पर्धांना बसवू नये. गिरिधरनं ते पत्र घडी घालून खिशातच ठेवलं होतं, ते मला दाखवलं.

खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. ऑक्टोबरपासून मीच तिला श्वासाचे व्यायाम शिकवत होते. चार आकडे आत, सहा आकडे बाहेर. ती मुकाट्यानं करायची. सहामाहीला त्याचा काही उपयोग झाला नाही, तेव्हा मी सहाचे आठ केले.

"मी बोलते तिच्याशी," मी गिरिधरला म्हटलं.

गुरुवारी शाळेतून आल्यावर ती वर आली. दप्तरही खाली ठेवलं नव्हतं.

"टीचर, अप्पा आले होते ना काल?"

"आले होते."

"मग तुम्ही पण नको म्हणणार."

"तुला त्रास होऊ नये असं वाटतं गं आम्हाला. पुढच्या वर्षीही असते ही चाचणी."

"मला भीती नाही वाटत. पोट दुखतं."

"भीतीनंही पोट दुखतं, कीर्तना."

"दुखत असेल." तिनं आता दप्तर खाली ठेवलं. "पण तुम्हीच सांगता, आधी बघायचं, मग लिहायचं, मग बोलायचं. माझ्या पोटाचं कुणी बघितलं? एकदम बोलायलाच लागले अस्के."

'अस्के' म्हणजे सगळे. हा शब्द तिला आज्जीकडून आलेला. त्या 'अस्क्यां'त मी होते.

मी वही आणायला उठले.

चार रकाने आखले. तारीख, परीक्षा होती का, सकाळी काय खाल्लं, किती वाजता दुखलं. कीर्तनाची स्मरणशक्ती चांगली. सप्टेंबर, डिसेंबर, परत डिसेंबर. तीन ओळी भरल्या. तिन्हींना परीक्षा, तिन्हींना दुखणं, वेळ साडेनऊच्या आसपास.

"आता परीक्षा असून दुखलं नाही असा दिवस सांग."

"ऑगस्टमध्ये. मिस आल्या आणि म्हणाल्या, पुस्तकं आत ठेवा. आधी सांगितलंच नव्हतं. पंचवीसपैकी चोवीस पडले."

मी ते लिहिलं. पण यातून गिरिधरचंच म्हणणं खरं ठरत होतं, घाबरायला वेळ मिळाला नाही म्हणून दुखलं नाही. ते मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "लिहा, लिहा. मी कुठे नको म्हणते?"

"मग आता उलटं. परीक्षा नसताना दुखलं असा दिवस?"

ती बराच वेळ पेन्सिल चावत बसली.

"नोव्हेंबरमध्ये. सर्दी-ताप होता तेव्हा. पावसाची सुट्टी होती, शाळाच नव्हती. चार दिवस दुखत होतं. आज्जी म्हणाली गोळ्यांनी दुखतं."

चार दिवस, आणि परीक्षा नाही. ती ओळ लिहून झाल्यावर मी तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. काय खाल्लं, हा रकाना रिकामाच होता.

"ते आज्जीला माहीत," कीर्तना म्हणाली.

तुळसीबाई स्वयंपाकघरात कढीपत्ता निवडत होत्या. मला स्टुलावर बसवलं, न विचारता कॉफी पुढे केली.

"तुळसीबाई, परीक्षेच्या दिवशी कीर्तना सकाळी काय खाते?"

"खायचं काय? पोट जड होतं, झोप येते. दूध देत्ये." त्यांनी फळीवरून स्टीलचा एक उंच टंबलर काढला. नंतर मी तो मोजला, साडेतीनशे मिलिलिटर. "आटवून. बदाम वाटून, केशर घालून. गिरिधरला दहावीला असाच देत होत्ये. बँकेत लागला तो."

"आणि एरवी?"

"एरवी नाचणीची आंबील, ताक घालून. डब्याला दहीभात. पण परीक्षेच्या आदल्या रात्रीपासून दही-ताक बंद. थंड असतं ते. गळा धरतं, डोकं सुस्त होतं."

"सर्दी-तापात?"

"तेव्हा दही कोण देतं, टीचरम्मा? दूध. हळद घालून, दोन वेळा." त्यांनी माझ्याकडे जरा काळजीनं पाहिलं. "एवढी वर्षं शिकवलंत, आणि हे ठाऊक नाही तुम्हाला?"

मला माझी वाटी आठवली. आमच्याकडे परीक्षेला निघालेल्या मुलाच्या तळहातावर दही-साखर घालतात. तिमाहीच्या सकाळी मी वाटी घेऊन खाली आले होते. तुळसीबाईंनी ती दोन्ही हातांनी घेतली, कौतुक केलं आणि फ्रिजमध्ये ठेवून दिली. सहामाहीला मी परत गेले तर दारातच म्हणाल्या, "द्या इकडे, देवापुढे ठेवत्ये." मी मनात म्हटलं होतं, काय हट्टी बाई आहे.

"दूध आवडतं का तिला?"

"नाटकं करते. रोज मागे लागत नाही मी. परीक्षेला मात्र शेवटचा थेंब जाईपर्यंत उभी राहत्ये."

मी वर आले आणि तिसरा रकाना भरला. बारावीच्या वर्गात तीस वर्षं मी फळ्यावर दुधातल्या साखरेची, लॅक्टोजची, आकृती काढत आले. ती मला झोपेतही काढता येईल.

शनिवारचा वर्ग मी शुक्रवारी घेतला. रत्नाकरला मधुमेह आहे, त्यामुळे औषधांचा दुकानदार ओळखीचा. त्याच्याकडून लघवीतली साखर बघायच्या पट्ट्या आणल्या आणि तान्ह्या बाळांच्या पोटदुखीवर देतात त्या थेंबांची एक बाटली. पट्ट्या कशाच्या ते सांगितल्यावर मुलं पाच मिनिटं हसत होती. ती मी हसू दिली.

"दुधात साखर असते का?" मी विचारलं.

"घातली तर," अनन्या म्हणाली. ही आठवीतली, फार हुशार आणि फार तिखट.

सगळ्यांनी बिनसाखरेचं दूध चमचाभर चाखलं. किंचित गोड लागतं, यावर एकमत झालं. मग पट्टी बुडवली. तिचा निळसर चौकोन निळसरच राहिला.

"पट्टी खोटं बोलते," कुणीतरी म्हणालं.

"पट्टी फक्त ग्लुकोज ओळखते. दुधातली साखर जोडीनं राहते. एक ग्लुकोज, एक गॅलॅक्टोज, हातात हात घालून." मी अनन्या आणि कीर्तनाला उभं केलं. "हात धरा. बाजूबाजूनंच चालायचं, मागेपुढे नाही. आता त्या दोन टाक्यांच्या मधून पलीकडे जा."

आमच्या गच्चीवर पाण्याच्या दोन टाक्यांमध्ये एक माणूस जाईल एवढीच फट आहे. दोघी अडकल्या. अनन्या म्हणाली, "हिला आत ढकला आधी. घाबरते ही. परीक्षेची फट आहे असं सांगू नका फक्त."

कीर्तनानं तिच्याकडे बघितलंही नाही. "टीचर, हात सोडवणारं कोण असतं?"

"लॅक्टेज. लहान आतड्यात तयार होतं. तेच या बाटलीत आहे." मी कोमट दुधात थेंब घातले, ढवळलं, आणि अर्धा तास आम्ही पतंग बघितले. मग नवी पट्टी बुडवली. चौकोन हिरवा झाला, मग तपकिरीकडे झुकला. सगळी डोकी त्या पट्टीवर आली.

"आणि ज्याच्याकडे हे कमी असतं, त्याचं काय होतं?" कीर्तनानं विचारलं.

"साखर तशीच जोडीनं पुढे मोठ्या आतड्यात जाते. तिथं जंतू असतात, त्यांना आयतं जेवण. ते खातात आणि वायू सोडतात. पोट फुगतं, कळा येतात, कधी जुलाब होतात."

"किती वेळानं?"

"अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत कधीही."

ती बोटांवर मोजायला लागली. आठ वाजता दूध, नऊ वाजता पेपर, साडेनऊ. मग तिनं बोटं मिटून घेतली.

तुळसीबाई वाळलेले कपडे काढायला वर आल्या होत्या. दोरीजवळच उभ्या राहून त्यांनी सगळं ऐकलं होतं. "टीचरम्मा, तान्ही पोरं दुधावरच वाढतात. त्यांची पोटं नाही दुखत?"

"तान्हेपणी हे बहुतेक सगळ्यांकडे भरपूर असतं. मोठं होताना कित्येकांचं कमी होत जातं. जगातल्या निम्म्याहून जास्त मोठ्या माणसांचं. तो काही रोग नाही."

"गिरिधर अजून दोन टंबलर पितो."

"त्याचं टिकलं असेल. प्रत्येकाचं टिकतंच असं नाही."

"आणि दही?"

"दही लावणारे जंतू त्यातली थोडी साखर आधीच खाऊन टाकतात. उरलेली पचवायलाही तेच पोटात मदत करतात. म्हणून दही-ताक सोसतं बऱ्याच जणांना."

त्यांनी शेवटचा टॉवेल काढला, खांद्यावर टाकला. "म्हणजे माझं दूध वाईट आणि तुमचं दही चांगलं," असं म्हणून त्या जिना उतरून गेल्या.

शनिवारी सकाळी पावणेनऊला गिरिधरचा फोन आला. "टीचर, जरा खाली या."

कीर्तना सोफ्यावर गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. कपाळावर घाम होता. मला बघून ती हसली.

सात वाजता तिनं आज्जीकडे परीक्षेचं दूध मागितलं होतं. आपण होऊन, पहिल्यांदाच. तुळसीबाईंनी आनंदानं बदाम वाटले. पोरीनं उभ्यानं, शेवटच्या थेंबापर्यंत, टंबलर रिकामा केला आणि घड्याळासमोर वही घेऊन बसली. वहीत तिच्या अक्षरात लिहिलेलं होतं. 'शनिवार. परीक्षा नाही. दूध, रिकाम्या पोटी. ८.२५.'

"असं विचारल्याशिवाय करायचं नसतं," मी म्हणाले. मला राग आला होता.

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात."

"अर्थात."

"म्हणून." तिला कळ आली, ती थांबली, मग वडिलांकडे वळली. "अप्पा, आज कसली परीक्षा आहे?"

गिरिधरनं खिशातलं पत्र काढलं, उलगडलं, परत घडी घातली. "शनिवार आहे आज," तो स्वतःशीच म्हणाला.

मी तुळसीबाईंकडे बघितलं. त्या जेवणाच्या टेबलापाशी बसल्या होत्या, समोर तो रिकामा टंबलर. मी जवळ जाऊन बसले. काय बोलावं ते ठरवून आले नव्हते. त्याच बोलल्या.

"माझे यजमान. गुंडोराव. तुम्ही बघितलंत त्यांना."

बघितलं होतं. सहा वर्षांपूर्वी गेले. शांत गृहस्थ, पांढरं धोतर, हातात नेहमी ताकाचा पेला.

"जन्मभर दूध नाही घेतलं त्यांनी. कॉफी काळी. मी म्हणायची, साधू आहेत, चव सोडलीय. लग्नात मात्र घ्यावंच लागलं. आमच्यात नवरानवरीला दूध-केळं देतात, अस्के समोर बसून बघतात. माझ्या माहेरचा मोठा टंबलर. अस्कं प्याले. आणि दुपारी जेवायच्या पंगतीतून उठून जे गेले ते संध्याकाळी आले." त्या टंबलरवरून बोट फिरवत होत्या. "माझे भाऊ म्हणाले, नवरा घाबरला. मंगळसूत्र बांधलं आणि पोट बिघडलं. बावन्न वर्षं, टीचरम्मा. कुठे लग्नाला गेलो की मी ती गोष्ट सांगायची. अस्के हसायचे. ते पण हसायचे."

कीर्तना सोफ्यावरून ऐकत होती. "आज्जी, ताता घाबरले नव्हते."

"नव्हते गं," तुळसीबाई म्हणाल्या. "दूध होतं ते."

त्या उठल्या, टंबलर घासला, पुसला आणि फळीवर सगळ्यात मागे ठेवला.

अकरा वाजेपर्यंत कीर्तना बरी झाली. गिरिधर तिला डॉक्टरांकडे घेऊन गेला, बरोबर तिची वही. डॉक्टर म्हणाल्या, लक्षणं तशीच आहेत. दोन आठवडे दूध बंद करून बघा, दही-ताक चालू द्या, तरीही दुखलं तर तपासण्या करू. आणि त्यांनी वही कुणाची, असं विचारलं. हे कीर्तनानं मला तीनदा सांगितलं.

संध्याकाळी गिरिधर परत दारात. या वेळी आत आला.

"टीचर, दूध असेल. पण भीती पण असेल तर? दोन्ही असलं तर? तिथं नुंगंबाक्कममध्ये, अनोळखी मुलांत..."

"असेलही. आपल्याला एका वेळी एकच गोष्ट काढून बघता येते. उद्या दूध नाही. परीक्षा आहे. दुखलं तर तुझं खरं, आणि शाळेला मी स्वतः तसं लिहून देईन. पण तिला घरी ठेवलंस तर कुणालाच काही कळणार नाही."

"त्या पत्राचं उत्तर द्यायला सोमवारी मला शाळेत जावंच लागेल," तो म्हणाला. "कोणतं पत्र घेऊन जायचं, त्यांचं मान्य करणारं की खोडणारं, तेवढं उद्या ठरेल."

रविवारी साडेसहाला आमची बेल वाजली. तुळसीबाई होत्या, न्हालेल्या, नेसलेल्या. "टीचरम्मा, ती वाटी आणा तुमची."

खाली कीर्तना आंबील पीत होती, ताक घातलेली. पेला संपला तसा तिनं हात पुढे केला. मी तळहातावर दही-साखर ठेवली.

"एवढुसंच द्या," तुळसीबाई बाजूनं म्हणाल्या. "गळा धरेल."

नुंगंबाक्कमच्या त्या कॉलेजात पालकांना एका मोठ्या झाडाखाली बसवलं होतं. पेपर दहा ते बारा. साडेदहाला एक मुलगा बाहेर आला, गिरिधर उभा राहिला. त्या मुलाला पाणी हवं होतं. पावणेअकराला एक मुलगी आली, गिरिधर परत उभा राहिला. तुळसीबाई म्हणाल्या, "बस रे. तुझं पोट दुखतंय का?" त्यानंतर तो बसून राहिला, पण त्याची नजर दारावरच होती. अकरा वाजले. साडेअकरा वाजले.

बारा वाजून गेले, मुलं लोंढ्यानं बाहेर आली आणि पांगली. कीर्तना सगळ्यांत शेवटी आली. कपाळाला आठ्या.

"काय झालं?" गिरिधर पुढे गेला. "पोट?"

"पोट काय?" ती त्याच्याकडे न समजून बघत राहिली. मग तिच्या लक्षात आलं. "हां. नाही. सातवं गणित. अर्धा तास खाल्ला त्यानं. अप्पा, पेन द्या."

"भीती वाटली?" मी विचारलं. मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"सातव्याला वाटली. थोडी," ती म्हणाली. "पण कळ नाही आली."

ती पायरीवर बसली, हॉल तिकीट उलटं केलं आणि त्यावर एक त्रिकोण काढून त्यात रेघा मारायला लागली. तुळसीबाई शेजारी बसल्या, स्टीलचा डबा उघडला. आत दहीभात होता, वर कढीपत्त्याची फोडणी. पोरीचा हात मोकळा होईना म्हणून त्यांनी तिला भरवायला सुरुवात केली. गिरिधर समोर उभा राहून तो त्रिकोण उलट्या बाजूनं वाचायचा प्रयत्न करत होता.